नाशिकच्या किल्ल्यांविषयीचे वैयक्तिक स्थिर संकेतस्थळ: उभारणी आणि देखभाल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पंचवटीत राहता, शाळेत शिकवता आणि गेली अनेक वर्षे जिल्ह्यातील किल्ल्यांवर व गोदाघाटावर लिहीत आला आहात. साठेक लेख आहेत. त्यांतील काही एका मोफत ब्लॉगसेवेवर आहेत, काही वर्डच्या फाइलींत आहेत, तर सर्वांत जुने लेख डीटीपीच्या काळातील फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. छायाचित्रे हजाराच्या घरात आहेत. आपल्याला प्रोग्रामिंग येत नाही, पण शिकण्याची तयारी आहे. हे सर्व स्वतःच्या नावाच्या संकेतस्थळावर एकत्र यावे आणि पंधरा-वीस वर्षे टिकावे, अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी कोणते साधन घ्यावे, खर्च किती येईल आणि देखभाल किती करावी लागेल, असे आपण विचारले आहे.

साधनाचे नाव आपण सर्वांत आधी विचारले असले, तरी मी ते थोडे मागे ठेवतो, कारण पंधरा-वीस वर्षांच्या हिशेबात साधन ही सर्वांत अल्पायुषी वस्तू असते. नाशिकमध्ये संकेतस्थळे बांधण्याचे आणि सांभाळण्याचे काम करताना मी पाहिले आहे की, ज्यांनी मजकूर, डोमेन (म्हणजे संकेतस्थळाचे नाव) आणि पानांचे पत्ते या तीन गोष्टी स्वतःच्या ताब्यात ठेवल्या, त्यांनी साधन दोनदा-तीनदा बदलले तरी वाचकाला त्याचा पत्ताही लागला नाही. ज्यांनी या तीन गोष्टी कोणत्या तरी सेवेच्या हवाली केल्या, त्यांना ती सेवा बंद पडताच पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. जिओसिटीज २००९ मध्ये बहुतेक जगासाठी बंद झाले, ऑर्कुट २०१४ मध्ये आणि गूगल प्लस २०१९ मध्ये. तेथील लेखन ज्यांनी वेळीच उतरवून घेतले नाही, त्यांच्यापैकी बहुतेकांना ते परत मिळाले नाही.

स्थिर संकेतस्थळ म्हणजे ज्याची पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात असे संकेतस्थळ. वाचकाने पान मागितले की सर्व्हर तयार फाइल जशीच्या तशी देतो. त्यामागे डेटाबेस नसतो आणि प्रत्येक वेळी पान जुळवणारा प्रोग्रामही नसतो. वर्डप्रेससारखी व्यवस्था स्वतःच्या होस्टिंगवर ठेवली, तर ती, तिची थीम (रूप) आणि तिचे प्लगइन (जोडसोयी) सतत अद्ययावत ठेवावे लागतात. वर्षभर तिकडे कोणी फिरकले नाही तर घुसखोरीचा धोका वाढत जातो. स्थिर संकेतस्थळ दोन वर्षे तसेच राहिले तरी त्याला काही होत नाही. सर्न या संशोधन संस्थेत १९९१ मध्ये तयार झालेल्या पहिल्या संकेतस्थळाचे पान आजच्या ब्राउझरमध्येही नीट उघडते, कारण ते एचटीएमएल या वेबपानांच्या मूळ भाषेत साधेपणाने लिहिलेले आहे. ज्यांना शाळेच्या वेळापत्रकातून वेळ काढायचा आहे, त्यांच्यासाठी हा गुण फार मोठा आहे.

आता पहिले काम डोमेनचे. डॉट इन किंवा डॉट कॉम यांपैकी काहीही घ्यावे. त्याचा खर्च वर्षाला साधारणपणे हजार रुपयांच्या आसपास धरावा. पहिल्या वर्षाचा जाहिरातीतील दर पाहून निर्णय घेऊ नये, दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर पाहावा. देवनागरीतील डॉट भारत हे डोमेन २०१४ पासून मिळते आणि ते दिसायला सुंदर असते. परंतु पडद्यामागे त्याचे रूपांतर रोमन अक्षरांच्या एका विचित्र साखळीत होते आणि अनेक अर्जांत, ईमेल कार्यक्रमांत व जुन्या यंत्रणांत ते स्वीकारले जात नाही. म्हणून ते हवे असल्यास जोडीला घ्यावे, मुख्य पत्ता म्हणून घेऊ नये. डोमेन एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येते. आपण निदान पाच वर्षांचे पैसे एकदम भरावेत असे मी सुचवीन. कार्डातून आपोआप पैसे वळते होतील या भरवशावर राहू नये. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांविषयीचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यानंतर परदेशी विक्रेत्यांची अशी वसुली कित्येकदा अडकते आणि त्याचा निरोप ज्या ईमेलवर येतो ते आपण पाहतच नसतो. म्हणून डोमेनच्या खात्याला रोज उघडला जाणारा ईमेल पत्ता द्यावा, आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले तर ते सोडवण्यासाठी येणारे पत्रही त्यासोबत बंद पडते. डॉट कॉमची मुदत संपून ते नावावरून निघाल्यावरही सोडवून घेण्यासाठी ३० दिवस मिळतात, पण त्या दिवसांत मागितली जाणारी रक्कम नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट असते.

डोमेननंतर, थीमचा विचारही करण्याआधी, एका कागदावर पानांचे पत्ते ठरवावेत. हे काम लोक सर्रास टाळतात आणि नंतर त्याचीच किंमत मोजतात. बहुतेक साधने आपणहून लेखाच्या पत्त्यात वर्ष आणि महिना घालतात किंवा तशी सोय पुढे करतात. आपल्या लेखनासाठी ते गैरसोयीचे आहे. साल्हेरचेच उदाहरण घ्या. १५६७ मीटर उंचीच्या या किल्ल्यावर आपण २०१६ मध्ये लेख लिहिला असेल. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत साल्हेरही आहे. आता आपल्याला तोच लेख सुधारावा लागेल. पत्त्यात २०१६ असेल तर वाचकाला तो शिळा वाटेल आणि नवा लेख लिहिला तर जुन्या लेखाकडे येणारे दुवे वाया जातील. त्यापेक्षा पत्ता केवळ ‘किल्ले’ आणि त्यापुढे ‘साल्हेर’ एवढाच ठेवावा. मूळ लेखनाची तारीख व शेवटच्या सुधारणेची तारीख लेखात ठळक द्यावी. पत्त्यात तालुकाही घालू नये. आज हरिहर त्र्यंबकेश्वर तालुक्याखाली ठेवलेला आपल्याला बरोबर वाटेल, पण उद्या डोंगररांगेनुसार मांडणी करावीशी वाटली तर सगळे पत्ते बदलावे लागतील. वर्गीकरण सूचीत असावे, पत्त्यात नसावे.

पत्ता देवनागरीत ठेवावा की रोमन लिपीत, हा प्रश्न मराठी संकेतस्थळापुढे येतोच. ब्राउझरच्या पट्टीत देवनागरी पत्ता नीट दिसतो, पण तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये टाकला की पुष्कळदा टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक रांग होते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन अक्षरांनी लिहिला जातो. त्यामुळे ‘नाशिक’ या शब्दातील न, काना, श, वेलांटी आणि क या पाच चिन्हांची ४५ अक्षरे होतात. शिवाय शीर्षकावरून पत्ता तयार करताना काही साधने काना-मात्रा गाळून टाकतात आणि ‘नाशिक’चे ‘नशक’ करतात. म्हणून पत्ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि स्वतः ठरवून लिहावेत. स्पेलिंगची एक यादी आधीच करावी: साल्हेर एका ‘ए’ने लिहायचे की दोन, त्र्यंबकच्या शेवटी काय ठेवायचे, जोडशब्दांत जोडरेघ द्यायची की नाही. एकदा ठरलेले स्पेलिंग मग चुकीचे वाटले तरी बदलू नये. पत्ता बदलणे अगदीच भाग पडले, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर नेणारे पान ठेवावे. ह्यूगो या साधनात (ते मी पुढे सुचवले आहे) लेखाच्या माथ्यावर जुना पत्ता ‘अलियासेस’ म्हणून नोंदवला की असे पान आपोआप तयार होते.

यानंतर मजकूर. आपल्या प्रकल्पातील सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, संगणकाचे ज्ञान असलेले लोक ते कितीही किरकोळ मानोत. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला लेख आपल्याला पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. फॉन्ट काढून घेतला की तेथे निरर्थक अक्षरांचा ढीग उरतो. असे लेख युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींसाठीच्या प्रमाण संकेतपद्धतीत, आणण्यासाठी परिवर्तक मिळतात, मात्र प्रत्येक फॉन्टकुळाची मांडणी निराळी असल्यामुळे आपला फॉन्ट नेमका कोणता हे आधी ओळखावे लागते. परिवर्तनानंतर ठरावीक ठिकाणी चुका राहतात. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराआधी टंकली जात असे आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, त्यामुळे जोडाक्षरांवरील वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. रफाराचेही तसेच. ‘दऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘पायऱ्या’ यांतील अर्धा र हमखास बिघडतो, आणि किल्ल्यांच्या लेखनात पायऱ्या व दऱ्या प्रत्येक परिच्छेदात असतात. तपासणी डोळ्यांनी तर करावीच, पण संपादकातील शोधाचीही मदत घ्यावी: मोकळ्या जागेनंतर लगेच मात्रा आली असेल, किंवा एकाच अक्षराला दोन स्वरचिन्हे लागली असतील, तर तेथे चूक आहे असे समजावे. ब्राउझरमध्ये अशा ठिकाणी मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसते.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक बारीक अडचण उरते. ‘ॲ’ हे अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येते, तसेच ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिता येते, दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द होतात आणि एका रूपाने शोधले तर दुसरे सापडत नाही. सगळ्या फाइलींत एकच रूप करून घ्यावे. हे काम शोधा-आणि-बदला या सोयीने काही मिनिटांत होते, पण ते सुरुवातीलाच करावे.

लेख मार्कडाउन या साध्या मजकुराच्या पद्धतीने ठेवावेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत शिकायला एक संध्याकाळ पुरते: शीर्षकाआधी एक चिन्ह, ठळक शब्दाभोवती दोन तारे, दुव्यासाठी कंस. तिचा खरा फायदा हा की कोणतेही साधन नसले तरी ती फाइल नोटपॅडमध्ये वाचता येते. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर शीर्षक, तारीख आणि विषय यांची नोंद असते; तेथे तारीख इंग्रजी अंकांतच लिहावी, कारण देवनागरी अंकांतील तारीख साधनांना वाचता येत नाही आणि त्यातून येणारा त्रुटीचा संदेश फारसा उलगडत नाही. वाचकाला दिसणारी तारीख मात्र साच्याच्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलीच्या) मार्फत मराठी महिन्यांत व मराठी अंकांत दाखवता येते. फाइलींची नावेही रोमन लिपीतच ठेवावीत.

ब्लॉगसेवेवरील लेख उतरवताना लक्षात ठेवावे की निर्यात केलेल्या फाइलीत बहुधा केवळ मजकूर असतो. छायाचित्रांचे दुवे त्याच सेवेच्या सर्व्हरकडे बोट दाखवत राहतात. लेख हलवले म्हणजे छायाचित्रे हलली असे होत नाही, ती वेगळी उतरवून घ्यावी लागतात. जुन्या ठिकाणचे लेख लगेच पुसू नयेत. प्रत्येक लेखाच्या आरंभी नव्या पानाचा दुवा द्यावा आणि निदान वर्षभर ते तसेच राहू द्यावे.

आता साधन. जेकिल हे २००८ पासूनचे, रूबी भाषेवर चालणारे आणि गिटहब या फाइली ठेवण्याच्या सेवेने थेट स्वीकारलेले साधन आहे. ह्यूगो २०१३ मधील असून गो भाषेत लिहिलेले आहे. एलेव्हन्टी जावास्क्रिप्टवर चालते आणि ज्यांना ती भाषा येते त्यांना ते फार आवडते. आपल्यासाठी मी ह्यूगो सुचवतो. त्याचा वेग हे कारण लोक सांगतात, पण साठ लेखांसाठी वेगाला काही अर्थ नाही. माझे कारण वेगळे आहे: ह्यूगो ही एकच फाइल आहे. ती उतरवली की काम सुरू होते. सोबत भाषा, तिची आवृत्ती आणि तिच्या शेकडो उपघटकांचे जाळे बसवावे लागत नाही. तीन वर्षांनी नवा लॅपटॉप घेतल्यावर रूबीची किंवा जावास्क्रिप्टसाठी लागणाऱ्या नोडची जुनी मांडणी पुन्हा जुळवताना जाणकारांचीही दमछाक होते. ह्यूगोच्याही नव्या आवृत्त्या जुने साचे मोडतात, हे खरे. म्हणून ज्या आवृत्तीवर आपले संकेतस्थळ बांधले तीच फाइल मजकुरासोबत जपून ठेवावी आणि तिचा क्रमांक एका चिठ्ठीत लिहून ठेवावा. नवी आवृत्ती आली म्हणून ती घ्यायची, हा नियम आपल्याला लागू नाही.

थीमच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. हलणारी चित्रे, सरकपट्ट्या आणि डझनभर पर्याय असलेली थीम घेऊ नये. जी थीम पाच-सहा साच्यांत संपते, तिची पूर्ण प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये घ्यावी आणि मग मूळ लेखकाने ती सोडून दिली तरी आपले काही अडत नाही. मराठीसाठी तिच्यात चार बदल लगेच करावेत. पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलच्या ‘लँग’ या गुणधर्मात सांगावे. त्यामुळे ब्राउझर पानाला हिंदी समजत नाही, दृष्टिहीन वाचकांचे वाचनयंत्र योग्य उच्चार निवडू शकते, आणि ज्या फॉन्टमध्ये ल व श यांची मराठी वळणे दिलेली असतात तेथे तीच दिसतात. ओळींमधील अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट करावे, कारण इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. अक्षरांमधील अंतर वाढवणारी सूचना शीर्षकांतून काढून टाकावी. तिने शिरोरेषा तुटते. तिरपी अक्षरे देवनागरीत फारशी शोभत नाहीत, त्याऐवजी ठळक अक्षर किंवा अवतरणचिन्हे वापरावीत. फॉन्ट मात्र सुरुवातीला बाहेरून आणू नये. अँड्रॉइड, विंडोज आणि आयफोन या सर्वांत आज वाचनीय देवनागरी फॉन्ट असतो, आणि सटाण्याच्या पुढे साल्हेरच्या पायथ्याशी अडखळत्या नेटवर्कवर आपला लेख उघडणाऱ्याला अक्षरे लगेच दिसणे अधिक गरजेचे असते. पुढे हौसेने फॉन्ट ठेवायचा झाल्यास तो मुक्त परवान्याचा निवडावा आणि स्वतःच्याच संकेतस्थळावर ठेवावा. आकार कमी करण्यासाठी त्यातील अक्षरे छाटताना जोडाक्षरांचे नियम छाटले जाणार नाहीत याची खात्री करावी, नाहीतर ‘त्र्यंबक’ हा शब्द हलन्तांसह सुटा सुटा दिसू लागतो.

छायाचित्रांवर आपल्या प्रकल्पाचे वजन आहे, शब्दशः. फोनमधील एक छायाचित्र चार-पाच एमबीचे असते. गिटहब पेजेस या गिटहबच्याच संकेतस्थळ-सेवेवर प्रसिद्ध होणाऱ्या संकेतस्थळाची मर्यादा १ जीबी आहे. म्हणजे मूळ आकाराची सुमारे दोनशे छायाचित्रे चढवताच जागा संपते. तेच छायाचित्र १६०० पिक्सेल रुंदीचे आणि मध्यम प्रतीच्या जेपीईजीचे केले, तर अडीचशे केबीच्या आसपास येते आणि साठ लेखांत प्रत्येकी दहा छायाचित्रे दिली तरी एकूण भार दीडशे एमबीच्या पुढे जात नाही. लहान करण्याचे काम चढवण्याआधी करावे, नंतर करून उपयोग नाही, कारण गिट (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारा, गिटहबच्या मुळाशी असलेला प्रोग्राम) जुनी प्रत्येक फाइल इतिहासात जपून ठेवते आणि पुसलेले मोठे छायाचित्र तेथे जागा अडवून बसते. मूळ छायाचित्रे स्वतंत्र हार्ड डिस्कवर, लेखनिहाय फोल्डरांत ठेवावीत.

फोन छायाचित्रात स्थळाचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. किल्ल्याच्या बाबतीत त्याने बिघडत नाही, पण घराच्या गच्चीवरून टिपलेल्या ढगांच्या छायाचित्रातून आपल्या घराचा ठावठिकाणा जगजाहीर होतो. म्हणून ही माहिती काढून टाकावी. मात्र छायाचित्र आडवे की उभे याची नोंदही तेथेच असल्यामुळे, आधी छायाचित्र योग्य दिशेला वळवून घ्यावे आणि मग माहिती पुसावी, अन्यथा सगळी उभी छायाचित्रे आडवी पडतात. तारीख तेवढी चित्राखालच्या ओळीत लिहावी. गोदाघाटाच्या छायाचित्रांना तर तारखेशिवाय किंमतच नाही. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात, आणि ऑगस्ट २०१९ मधील छायाचित्र कोणते व इतर एखाद्या पावसाळ्यातील कोणते हे दहा वर्षांनी आपल्यालाही सांगता येणार नाही.

संकेतस्थळ ठेवण्यासाठी गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस आणि नेटलिफाय या तिन्ही ठिकाणी आपल्या गरजेपुरती सेवा मोफत मिळते. म्हणजे खर्च डोमेनचा, आणि फार तर एका बाहेरच्या हार्ड डिस्कचा. निवड करताना एक फरक ध्यानात घ्यावा: गिटहबच्या मोफत योजनेत पेजेस वापरायचे तर मूळ फाइलींचा साठा सर्वांना खुला ठेवावा लागतो, त्यामुळे अपुरे मसुदे आणि टिपणेही कोणाला पाहता येतात. हे नको असेल तर साठा खाजगी ठेवून तो क्लाउडफ्लेअरला किंवा नेटलिफायला जोडावा. वाचकसंख्येची चिंता करू नये. गिटहबने महिन्याला सुमारे १०० जीबी वाहतुकीची मर्यादा सांगितली आहे. एक पान छायाचित्रांसह एक एमबीचे धरले तर लाखभर वेळा पाने उघडली जाईपर्यंत ती गाठली जात नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थात घाटांवरील लेखांना एकाएकी गर्दी झाली तरी स्थिर पाने ती सहज पेलतात. एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीसाठी लागणारे प्रमाणपत्र या सेवा स्वतःच मोफत मिळवतात आणि मुदत संपण्याआधी बदलतात; ते विकत देऊ करणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे नकार द्यावा. गिटच्या आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत, गिटहब डेस्कटॉपमधील दोन-तीन बटणांवर हे काम निभावते.

एक खाचखळगा भारतीय वेळेचा आहे, आणि सहसा कोणी तो आधी सांगत नाही. ह्यूगो आणि जेकिल दोन्ही साधने भविष्यातील तारखेचा लेख प्रसिद्ध करत नाहीत. वेळेचा विभाग सांगितलेला नसेल तर ह्यूगो वेळ जागतिक प्रमाणवेळेत धरतो, जी आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. सकाळी नऊ वाजता लिहिलेल्या लेखावर नऊची वेळ टाकली, तर ह्यूगोच्या मते तो दुपारी अडीचला प्रसिद्ध व्हायचा असतो. लेख दिसत नाही म्हणून माणूस तासभर साचे तपासत बसतो, आणि दुपारी दुसऱ्याच कारणाने काही चढवले की लेख आपोआप उगवतो. सेटिंगमध्ये वेळेचा विभाग एशिया/कोलकाता असा एकदाच नोंदवून हा विषय संपवावा.

शोधाच्या चौकटीबाबत मी उत्साही नाही. मराठीत नाम विभक्ती लावताना रूप बदलते: वाचक ‘किल्ला’ शोधतो आणि लेखात ‘किल्ल्यावर’, ‘किल्ल्याचा’, ‘किल्ल्यांनी’ असते, साध्या शोधाला त्यांतील एकही सापडत नाही. साठ लेखांसाठी हाताने केलेली विषयसूची कितीतरी चांगली. किल्ले, घाट, लेणी, मंदिरे, पूर अशी विभागणी करावी, आणि एका किल्ल्याला दोन नावे असतील तर दोन्ही नावे सूचीत द्यावीत. प्रतिक्रियांसाठी पानाच्या शेवटी एक ईमेल पत्ता पुरेसा आहे. आरएसएस, म्हणजे नव्या लेखांची खबर वाचकापर्यंत आपोआप पोचवणारी यादी, मात्र चालू ठेवावे. ह्यूगो ते आपोआप तयार करतो.

संदर्भांची एक सवय आताच लावून घ्यावी. सरकारी संकेतस्थळांची रचना वारंवार बदलते आणि दुवे मरतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकविषयीचा १८८३ मधील सोळावा खंड आपण उद्धृत करत असाल, तर खंड, वर्ष आणि पृष्ठ लेखातच लिहावे आणि दुवा त्याच्या जोडीला द्यावा. दुवा मेला तरी संदर्भ जिवंत राहतो. ज्या पानावर आपला युक्तिवाद अवलंबून आहे, ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून त्या प्रतीचा दुवाही द्यावा.

एवढे झाल्यावर नियमित देखभाल वर्षातून एका सुट्टीच्या दिवसापुरती राहते. डोमेनची मुदत पाहावी, मेलेले दुवे शोधणारे साधन एकदा चालवावे, आणि ज्या लेखांत वाटा, प्रवेशशुल्क किंवा बसच्या वेळा आहेत ते वाचून काढावेत, कारण चुकीच्या वाटेची माहिती ही केवळ शिळी नसते, ती धोक्याची असते. त्याच दिवशी साठा दुसऱ्या संगणकावर नव्याने उतरवून, जपून ठेवलेल्या ह्यूगोने संकेतस्थळ तेथे बांधून पाहावे. ज्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा बांधता येत नाही, तिला मी बॅकअप म्हणत नाही. गिटहबवरील, लॅपटॉपवरील आणि घराबाहेर कोणा नातेवाइकाकडे ठेवलेल्या डिस्कवरील अशा तीन प्रती असाव्यात.

आपल्या पश्चात किंवा आजारपणात हे कोण सांभाळेल, हेही आताच लिहून ठेवावे. डोमेनचे खाते कोठे आहे, ईमेल कोणता, दुहेरी पडताळणीचे पर्यायी संकेत कोठे ठेवले आहेत, हे एका कागदावर लिहून घरातील एका व्यक्तीला दाखवावे. पडताळणी केवळ एका सिमकार्डावर बांधलेली असेल, तर ते सिम बंद होताच सगळे दार लागते. याशिवाय तयार झालेल्या पानांची एक प्रत पेन ड्राइव्हवर कोणत्याही साधनाविना वाचता येईल अशी काढावी. ह्यूगो नेहमीच्या मांडणीत पूर्ण पत्त्यांचे दुवे तयार करतो, त्यामुळे नुसते फोल्डर कॉपी केले तर पेन ड्राइव्हवरून उघडताना मांडणी आणि छायाचित्रे दिसत नाहीत. या प्रतीपुरते सापेक्ष दुव्यांचे आणि प्रत्येक पान स्वतंत्र फाइल म्हणून काढण्याचे असे दोन्ही पर्याय चालू करून बांधणी करावी. अशी प्रत १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या एखाद्या संस्थेला देण्याचा विचारही करण्याजोगा आहे.

सुरुवात साठ लेखांनी करू नये. या आठवड्यात डोमेन घ्यावे, पत्त्यांची आणि स्पेलिंगची यादी करावी, आणि पाच लेख निवडावेत: एक जुन्या फॉन्टमधील, एक ब्लॉगवरील, एक पुष्कळ छायाचित्रांचा, एक वारंवार सुधारावा लागणारा आणि एक अगदी लहान. या पाचांत जवळजवळ सगळ्या अडचणी समोर येतात, आणि उरलेले पंचावन्न दिवाळीच्या सुट्टीत सावकाश चढवता येतात.